प्लेट उजेडात धरून बघ

फिलूताई, काल चर्चमध्ये तुझ्या महिन्याच्या प्रार्थनेला, मिस्सेला, मी बोलायला उभी राहिले आणि बोलायचं होतं त्यातलं निम्मंही बोलले नाही. जे बोलले ते कुणाला कळलं नाही. म्हणून आज घरी बसून तुलाच सांगते आहे. तूही धड ऐकशील असं नाही म्हणा. होतीस तेव्हा तरी कुठे माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायचीस?

मी गोंधळलेय. रडून झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तू गेल्यावर मला तुझ्याबद्दल दोन गोष्टी कळल्या आणि त्या एकमेकींशी पटत नाहीत. एक खरी मानली तर दुसरी खोटी ठरते. दोन्हींना पुरावा आहे. पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही खोड लॅबने मला लावली, आणि आता तीच गळ्याशी आलीय.

परळच्या त्या लॅबमध्ये मी नवी आले तेव्हा नावामागे डॉक्टर लागून महिनाच झाला होता. लालबागहून चालत यायचे, मिल कामगाराची मुलगी, चेहऱ्यावर तोरा. तू गिरगावातून बसने यायचीस, गुडघ्याखाली पोचणारा फ्रॉक आणि हातात पिशवी. मी तुला आंटी म्हणाले. तू मान वर न करता म्हणालीस, ‘आंटी बाजारात भेटतात. मला ताई म्हण.’ तिथपासून तू माझी फिलूताई. लॅब चालवणाऱ्या सरांच्या वहीत तू टेक्निशियन होतीस आणि मी शास्त्रज्ञ, पण यीस्ट हातात कसं धरायचं ते मला तू शिकवलंस. पुस्तकात वाचलेलं यीस्ट आणि टूथपिकच्या टोकावर आलेलं यीस्ट यांत किती अंतर असतं, ते त्या आठवड्यात कळलं.

आपलं काम साधं होतं, सांगायला तरी. यीस्टची पेशी चरबी कशी बनवते आणि तिचं काय करते. साखर भरपूर मिळाली की पेशी उरलेल्या साखरेची चरबी करते आणि छोट्या गोल थेंबांत भरून ठेवते. उपासमार झाली की त्यातली काढून खाते. परत चांगले दिवस आले, एकीच्या दोन व्हायची वेळ आली, की त्याच साठ्यातून नव्या पेशीचा पडदा तयार करते. चरबीला चिकटणारा रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत ते थेंब चमकतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तुला हाक मारली होती. तू ते हजारदा पाहिले असणार, तरी आलीस, वाकून बघितलंस आणि ‘छान दिसतात गो,’ म्हणालीस.

आणि आपल्याकडे ती एक जात होती, थेंब बनवणारी चारही जनुकं काढून टाकलेली. तिला साठवताच यायचं नाही. तू तिचं नाव ठेवलं होतंस बिनकोठीची. नुसत्या साखरेवर बिनकोठीची मजेत जगायची. पण तिच्या खाण्यात ओलेइक आम्ल घातलं, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असतं तेच मेदाम्ल, की मरायची. बाकीच्या पेशी ते पचवायच्या, थेंबात भरून ठेवायच्या. हिला ठेवायला जागा नाही, मग तेच तिला बाधायचं.

यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, साठा असतो तो वाईट दिवसांसाठी. माझी आई चाळीत तांदळाचा डबा भरून ठेवायची ते संप आठवून, तसंच हे. तू म्हणायचीस, वाईट दिवस वगैरे नंतर. पेशी चरबी बांधून ठेवते ती त्रास होऊ नये म्हणून. ‘घरात पाहुणा आला तर आधी त्याला बसायला जागा दे. उंबऱ्यात उभा ठेवलास तर येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण.’ मी तुला शोधनिबंध दाखवायचे, तू मला बिनकोठीची दाखवायचीस. आज सगळे म्हणतात की दोन्ही खरं. पण तू हे ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, दोन्ही खरं म्हणजे तू हरलीस.

आता त्या दिवसाकडे येते. टाळत होते, तुझ्या लक्षात आलं असेल.

कार्निव्हलच्या नंतरचा आठवडा होता. तू दर वर्षीसारखे डबाभर फुगे आणले होतेस. ताडीने फुगवलेल्या पिठाचे, तळलेले, आतून पोकळ, लिंबाएवढे गोल. मी एकटीने नऊ खाल्ले होते आणि तू मोजले होतेस. त्यानंतर चारच दिवसांनी आपल्या प्लेटी, थिजलेल्या खाद्याच्या चपट्या ताटल्या, बाहेर काढल्या, ओलेइक आम्लाच्या, टूथपिकने बिनकोठीची रेघ ओढलेल्या. एकीवरही काही उगवायला नको होतं. पहिल्या तिन्हींवर काही नव्हतं आणि चौथीवर, पाचवीवर पांढऱ्या दाट रेघा. जिवंत. मजेत.

माझा निबंध पाठवायचा होता, सर पाठीमागे उभे होते, आणि माझं डोकं सटकलं. बिनकोठीची जगूच शकत नाही, म्हणजे ही दुसरंच कुठलंतरी यीस्ट. आणि दुसरं यीस्ट लॅबमध्ये येणार कुठून? ताडीतलं यीस्ट आणि आपलं यीस्ट मावसभावंडंच की. रेघा तू ओढल्या होत्यास. मी सगळ्यांसमोर तुला विचारलं, ‘फिलूताई, हात धुतले होतेस ना?’

ते वाक्य मी नीट लिहिलंय, जसंच्या तसं. आवाजही चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडण म्हणून मिटलं असतं.

तू हातातलं टूथपिक खाली ठेवलंस. मग म्हणालीस, ‘सुजाता, प्लेट उजेडात धरून बघ एकदा.’ मला वाटलं तू वेळ काढतेस. उजेडात काय बघायचं? उगवलंय ते डोळ्यांना दिसतंय. मी पाचही प्लेटी उचलल्या आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. ती पिशवी त्या संध्याकाळी वाफेने सगळं मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेली. सर म्हणाले, फिलोमिना, यापुढे तू मीडिया आणि भांडी बघ, कल्चरला हात नको. म्हणजे यीस्टचं खाद्य तयार करायचं, जिवंत यीस्टला शिवायचं नाही. तू हो म्हणालीस. चोवीस वर्षं कल्चर सांभाळलेली बाई, तू हो म्हणालीस.

पुढे मी तो सगळा प्रयोग पहिल्यापासून केला आणि एकदाही गडबड झाली नाही. बिनकोठीची प्रत्येक प्लेटवर शहाण्यासारखी मेली. मला ते पुरेसं वाटलं. फिलूताई रेघा ओढत नाही, आता सगळं स्वच्छ येतंय. आणखी काय पुरावा हवा? निबंध छापून आला. शेवटी आभार मानले त्यात एका ओळीत तुझं नाव घातलं आणि ते मी तुला अगदी मोठ्या मनाने दाखवलं. तू चष्मा लावून वाचलंस आणि म्हणालीस, स्पेलिंग बरोबर आहे.

फुगे आले नाहीत त्यानंतर. पुढच्या वर्षी नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षी नाहीत. मी समजले रुसलीस. मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाने इतकं लावून घ्यावं का? बाकी आपलं सगळं चालू होतं. बहिणीच्या लग्नाला मला हिंदमाताला साडी घ्यायला तूच घेऊन गेलीस, दुकानदाराशी तूच हुज्जत घातलीस, जन्मात साडी न नेसलेली बाई पदराच्या जरीत खोट काढत होतीस. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा माझं कल्चर सरांच्या नकळत तूच बघितलंस. म्हणजे रुसलेली नव्हतीस. मग फुगे का नाहीत, हे मी तुला पाच वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर मूळ गोष्ट निघाली असती, म्हणूनच बहुतेक.

तू निवृत्त झालीस. वर्षभराने गेलीस, ध्यानीमनी नसताना. दफनाला मी होते, पण त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

मग सरांनी मला डीप फ्रीझरमधला तुझा रॅक बघायला सांगितला. तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या फक्त मला लागतात, काय ठेवायचं काय टाकायचं ते मीच ठरवावं. बर्फ खरवडत एकेक डबी काढली. शेवटच्या डबीत, कोपऱ्यातल्या खाचेत एक नळी होती जी रजिस्टरमध्ये नव्हती. तिच्यावर तुझं ते बारीक उभं अक्षर. त्या आठवड्याची तारीख आणि खाली ‘सुजाताची प्लेट’.

तू त्या पाच प्लेटी मी फेकायच्या आधी बघितल्या होत्यास, हे मला तेव्हा कळलं. माझ्या आधी उघडल्यास, पाचव्या प्लेटवरचं थोडं टूथपिकने उचललंस आणि गोठवून ठेवलंस. आणि मला सांगितलं नाहीस.

नळी हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे, बोटं बधिर झाली. एकदा वाढवलं की अर्ध्या तासाचं काम होतं. रंग घालायचा, बघायचं. पेशीत थेंब चमकले तर ते बाहेरचं यीस्ट, म्हणजे माझं खरं. नाही चमकले तर ती बिनकोठीचीच. खरं सांगू? थेंब दिसावेत अशी मी मनोमन प्रार्थना केली. तू गेलेली असताना, तुझ्या नळीपाशी उभी राहून, तुझी चूक निघावी म्हणून. इतकी मी वाईट आहे, तुला माहीत असलेलं बरं.

सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवलेल्या साध्या यीस्टमध्ये थेंब लखलखत होते. तुझ्या नळीतल्या पेशी काळ्या. एकीतही एक ठिपका नाही. तुझे हात स्वच्छ होते, फिलूताई.

मग ती त्या प्लेटवर जगली कशी? एक क्षण वाटलं की तिने खरोखरच काही नवी युक्ती शोधली होती आणि मी मोठा शोध कचऱ्यात टाकला. तेही चाललं असतं मला. मी ताज्या प्लेटी करायला घेतल्या आणि तेल ओतताना हात थांबला. त्या वेळच्या प्लेटी कुणी ओतल्या होत्या? मी. मुलीच्या शाळेत पालकसभा होती, उशीर झाला होता. तू म्हणालीस, ठेव, मी ओतते. मी म्हणाले, एवढं काय त्यात. गरम मीडियात ओलेइक आम्ल मिसळायला साबणासारखं एक द्रव्य घालावं लागतं, त्याची बाटली संपत आली होती, ते मी अंदाजपंचे टाकलं. आणि तू प्रत्येक प्लेटआधी फ्लास्क घुसळायचीस, आमटी वाढताना डाव तळापर्यंत घालतात तशी. मी घुसळला नाही. तेल वर आलं आणि पहिल्या प्लेटींतच ओतलं गेलं. शेवटच्या दोन नुसत्या साखरेच्या. तिथे बिनकोठीचीने का मरावं?

तरी मी परत करून पाहिलं. काही प्लेटी तुझ्या पद्धतीने ओतल्या, काही माझ्या त्या दिवसाच्या पद्धतीने. थंड झाल्यावर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या. तुझ्या सगळ्या गढूळ, दुधट. माझ्यातल्या पहिल्या गढूळ आणि शेवटच्या काचेसारख्या आरपार. त्यांतून मला समोरच्या इमारतीवरचं वाळत घातलेलं धुणं दिसलं. तीन दिवसांनी त्याच आरपार प्लेटींवर ती उगवली.

आणि मग बाकीचंही लक्षात आलं. तुला मीडियावर घातल्यावर सगळं सुरळीत झालं होतं ते तुझे हात रेघांपासून दूर गेले म्हणून नाही. त्यानंतर प्लेटी तू ओतत होतीस म्हणून.

म्हणजे तुला माहीत होतं. उजेडात धर म्हणालीस, ‘सुजाताची प्लेट’ असं लिहिलंस. तुला सगळं माहीत होतं आणि तू माझ्या निबंधासाठी, सरांसमोर माझी अब्रू राहावी म्हणून गप्प बसलीस. हे पक्कं धरून मी गेल्या आठवड्यात गिरगावात तुझ्या घरी गेले, तुझ्या बहिणीला, इव्हलिनला सगळं सांगायला. तिने मिस्सेनंतर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, त्याआधी तिला कळायला हवं होतं.

मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलू लागली. फुग्यांचा विषय मी नाही काढला, तिनेच काढला. ती म्हणाली, फिलूने शेवटची पाच वर्षं पिठाला हात लावला नाही. घरातही नाही, लग्नातही नाही. लॅबमधलं ते जंतुनाशक घरी आणायची आणि कोपरापर्यंत हात चोळायची, कातडी फुटायची, थंडीत रक्त यायचं. इव्हलिन ओरडली की एकच सांगायची, ‘माझ्या हातांनी सुजाताचं काम नासलं गो.’ मी जे सांगायला गेले होते ते न सांगताच परत आले.

आता मला सांग, मी काय समजू?

तुला माहीत होतं तर तू घरी हात का चोळत होतीस? माहीत नव्हतं तर उजेडात धर का म्हणालीस? कदाचित त्या सकाळी तुला शंका आली, आणि मग दुपारी डॉक्टरबाई एवढं छातीठोक बोलतेय म्हटल्यावर तू स्वतःवरच संशय घेतलास. कदाचित नळी ठेवलीस ती कधीतरी मी तपासेन म्हणून. रंग घालायला अर्धा तास पुरतो हे तुलाही माहीत होतं. मग स्वतःच का नाही तपासलंस? कल्चरला हात नको म्हणाले होते म्हणून? इतकी आज्ञाधारक कधीपासून झालीस? की उत्तराची तुलाही भीती वाटली? की इव्हलिनला काहीतरी सांगायचं म्हणून ते सांगितलंस? मी रात्रंदिवस यातलं एक धरते आणि दुसरं सोडते. माहीत असून गप्प राहिली असशील तर मला तुझा राग येतो, खरंच येतो, कुणी मागितला होता एवढा मोठेपणा? आणि माहीत नसताना गेली असशील तर मी काय करून ठेवलं ते मला बोलवतही नाही.

सरांकडे गेले होते. सगळं सांगितलं, प्लेटी दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कुठला प्रयोग म्हणालीस? त्यांना आठवतच नव्हतं. तुला कल्चरवरून काढलं होतं हेही आठवत नव्हतं. ते म्हणाले, फिलोमिना फार उत्तम मीडिया करायची.

काल मिस्सेनंतर मी पुढे जाऊन उभी राहिले. लिहून नेलेला कागद उघडला, त्यात तुझी शिस्त, तुझा प्रेमळ स्वभाव वगैरे होतं. तो मिटला. म्हणाले, ‘फिलूताईच्या हातांना कधीच काही लागलेलं नव्हतं. प्लेटी मी ओतल्या होत्या.’ एवढंच. लोकांनी सहानुभूतीने माना हलवल्या, मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. इव्हलिन मात्र माझ्याकडे एकटक बघत होती.

नंतर सगळे तुझ्या घरी आले. शोकात फुगे करत नाहीत, पण इव्हलिनने सकाळीच पीठ भिजवलं होतं. ताडी आता कुठली मिळायला, पाकिटातलं यीस्ट घातलेलं. एकदोन नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिने कढई ठेवली आणि मला आत बोलावलं. तिथे उभ्या उभ्या मी तिला पहिल्यापासून सांगितलं, मीडिया, तेल, आरपार प्लेटी, मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते. नक्की काय बोलले ते शब्द मात्र माझ्याने सांगवले नाहीत. ती ऐकत होती आणि पीठ फेटत होती. तुझीच बहीण.

मी विचारलं, तुला काय वाटतं, तिला माहीत होतं का? ती म्हणाली, ‘मला काय ठाऊक? तू विचारायचं होतंस तिला.’

मग तिने पिठाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मुठीत पीठ घ्यायचं, अंगठ्यापाशी दाबायचं, जो गोळा वर येईल तो तेलात सोडायचा. तू मला नेहमी म्हणायचीस, एकदा घरी ये, शिकवते. मी बाह्या सारल्या. पीठ जिवंत होतं, बुडबुडे वर येत होते, आणि वास आपल्या लॅबचाच होता, सोमवारी सकाळी दार उघडल्यावर यायचा तो.

मी हात पुढे केला तेवढ्यात इव्हलिन, कुठल्याही घरात कुठलीही बाई विचारते तसं, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘हात धुतलेस ना गो?’

आल्या आल्या धुतले होते. तरी मी मोरीपाशी गेले आणि परत धुतले, कोपरापर्यंत.